जर्मन-जपानी: एकत्र की एकामागून एक?

नोकरी सांभाळून रोजचा एकच तास हाताशी, आणि जर्मन-जपानी दोन्ही शिकायच्यात.

अर्धा-अर्धा तास वाटून घ्यावा का? या जोडीत घोळ कमी होतो हे खरं. स्पॅनिश-पोर्तुगीजसारखे शब्द एकमेकांत मिसळत नाहीत. पण जपानीच्या हिरागाना-काताकाना या दोन लिप्यांची 46-46 मूळ अक्षरं गिरवण्यातच तो अर्धा तास जातो, कांजी (चिनीतून आलेली चिन्हं) चार दिवस सोडली की पुसलीच, आणि जर्मनचे डेअर-डी-डास (नामाचं लिंग दाखवणारे शब्द) तसेच लटकलेले.

आधी जर्मन बी-1पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, मग जपानी, हे मला जास्त पटतं. बी-1ला पोचलेली भाषा आठवड्यातून दोनदा वाचली-ऐकली तरी तग धरते. ए-1ची, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, विरून जाते. शिवाय तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत. 'ते पोर' म्हणणाऱ्याला 'डास मेडशेन'चं (मुलगी, पण नपुंसकलिंगी) कसलं नवल! (कुठल्या नामाला कुठलं लिंग, ते मात्र पाठच करावं लागतं.) जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, तिथे खरा वेळ लिपी खाते.

अपवाद जेएलपीटीचा, म्हणजे जपानीच्या प्रावीण्य परीक्षेचा. ती परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्येच असते. फॉर्म भरलाच असेल, तर शेवटचे तीन महिने जर्मनला सरळ सुट्टी द्या.