जीलिबसी सोडून मसल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

छोट्या एआरएम बोर्डवरच्या लिनक्ससाठी मूळ सी लायब्ररी (लिबसी, जिच्यावर बहुतेक प्रोग्राम चालतात) म्हणून नेहमीच्या जीलिबसीऐवजी मसल वापरायला लागून आता बरेच महिने झाले. जागा वाचते, ते आहेच. पण माझ्या लेखी खरा फायदा वेगळा आहे. युजरचं किंवा होस्टचं नाव शोधायला आता पडद्याआडची कुठलीही लायब्ररी लागत नाही.

जीलिबसीत हे काम एनएसएसकडे (नेम सर्व्हिस स्विच, म्हणजे नावं कुठे शोधायची ते ठरवणारी व्यवस्था) असतं. प्रोग्रामने गेटपीडब्ल्यूनॅम (युजर शोधणारं फंक्शन) किंवा गेटअ‍ॅड्रइन्फो (होस्ट शोधणारं) बोलावलं, की एनएसस्विच.कॉन्फ वाचून लिबएनएसएस_फाइल्स, लिबएनएसएस_डीएनएस अशा लायब्रऱ्या ऐनवेळी लोड होतात. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या एलडीडी कमांडच्या यादीत त्या दिसतच नाहीत. त्या यादीवरून रूट फाइलसिस्टिम (बोर्डवरची मूळ फाइलरचना) भरली, की बोर्ड नीट बूट होतो, आयपीवर पिंग जातो, नावावर जात नाही. फाइलच्या मालकाच्या जागी 'रूट'ऐवजी नुसता ० दिसतो. त्यात बिझीबॉक्सचं (छोट्या कमांडांचा एकत्र संच) एनएसलुकअप डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी सांगणारा) स्वतःच विचारतं, त्यामुळे तिथे उत्तर बरोबर येतं आणि माणूस उगाच फायरवॉल तपासत बसतो. अशा वेळी थेट एसट्रेस (प्रोग्राम कोणत्या फाइली उघडू पाहतो ते दाखवणारं साधन) लावावं. न सापडलेली लायब्ररी लगेच कळते.

स्टॅटिक लिंक करूनही (लायब्रऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्येच भरूनही) सुटका नाही. लिंकर स्पष्ट बजावतो, की चालवताना त्याच आवृत्तीच्या जीलिबसीच्या शेअर्ड लायब्रऱ्या लागतील. २०२१ च्या २.३४ आवृत्तीत फाइल्स आणि डीएनएस हे दोन्ही भाग मुख्य लिबसीतच आले, ही फार चांगली सुधारणा झाली. पण आमच्या बोर्डसोबत मिळालेली टूलचेन (कंपायलर आणि लायब्रऱ्यांचा संच) त्याआधीची. बिझीबॉक्समध्ये स्वतःचा पासवर्ड-ग्रुप कोड चालू करायची सोय आहे, ती जरूर वापरावी. मात्र ती बिझीबॉक्सपुरतीच.

मसल पासवर्ड, ग्रुप, होस्ट्स आणि रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएस सर्व्हरची, म्हणजे नेमसर्व्हरची यादी) या फाइली थेट वाचतं. बस्स. स्टॅटिक बायनरी खरोखर स्टॅटिक राहते.

एका गोष्टीला मात्र जपायला हवं. रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सगळ्या नेमसर्व्हरना मसल एकदमच विचारतं आणि पहिलं पक्कं उत्तर धरतं. जीलिबसी ओळीने जाते, म्हणून लोक वर ऑफिसचा डीएनएस आणि खाली अडीअडचणीला बाहेरचा लिहून ठेवतात. मसलवर बाहेरचा आधी 'असं नाव नाही' म्हणाला, तर आतलं नाव कधी सापडतं, कधी नाही. बोर्डवरच डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर चालवून, आतल्या डोमेनसाठी कोणाला विचारायचं ते त्यात लिहून, रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये फक्त १२७.०.०.१ (बोर्डचा स्वतःचाच पत्ता) ठेवल्यापासून हा त्रास पूर्ण थांबला. मसलची आवृत्तीही १.२.४ किंवा पुढचीच घ्या. त्याआधीच्या मसलमध्ये डीएनएसची मोठी उत्तरं टीसीपीवरून मागवायची सोयच नव्हती.

एलडॅपचं (युजरची माहिती एका सर्व्हरवर ठेवणारी पद्धत) लॉगिन किंवा एनएसएसमार्फत स्थानिक नेटवर्कवरची .लोकल नावं हवी असतील, तर मसलच्या वाटेला जाऊ नये. आमच्या ज्या उपकरणांना एलडॅप लागतं तिथे जीलिबसीच ठेवली आहे, आणि लिबएनएसएसच्या फाइली इमेज बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नावानिशी लिहिल्या आहेत.