उकड्या तांदळाला न लागणारा गोळा

आधी आकडा सांगतो: ६ लाख ३१ हजार रुपये. एवढ्याला मी फसलो. त्यातले २१ हजार फोनवरून पाठवले, बाकीचे रोख, मोजून हातात दिले. पावती एकाचीही नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझं हसून आणि रडून दोन्ही झालंय. हे लिहितोय ते एवढ्यासाठी की आमच्याकडे ज्या गोष्टीवरून हे घडलं, तसली एखादी गोष्ट कोकणात कुणाच्याही परसात निघू शकते.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीपासून वर सड्यावर. हापूसची सव्वाशे कलमं आणि थोडी काजू. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा झाडावर राहिलेला आंबा एका रात्रीत खाली आला आणि मागीलदारचा जुना पिंपळ मुळासकट आडवा झाला. पिंपळाला कुऱ्हाड लावायला गावात कोणी तयार होईना, म्हणून तो पावसाळाभर तसाच पडून राहिला. पावसाने मुळांतली माती धुऊन नेली. दिवाळीच्या आसपास मी तिकडे गेलो तर मुळांचा पसारा उघडा पडलेला, माणूसभर उंच. त्यात जांभ्याची ढेकळं अडकलेली, आणि त्यांच्यामध्ये काळे, गुळगुळीत, आकाराच्या मानाने भलतेच जड गोटे. दोन जाड मुळांनी मुठीत धरावा तसा एक हिरवा गोळा आवळून धरला होता.

कोयत्याने मूळ तासून तो काढला. लहान नारळाएवढा. हिरवा थर नखाने खरवडला तर खाली तांबं. एका बाजूला बोटाच्या पेराएवढा खुंट, त्यावर झिजलेले आटे असावेत तसं काहीतरी. हे आटे मी त्याच दिवशी पाहिले होते, हे मुद्दाम नोंदवतो. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे डोक्यात गेलं असं नसतं.

मुलाच्या जुन्या स्पीकरचं चुंबक आणून लावलं. गोळ्याला चिकटेना, पण त्या काळ्या गोट्यांना असं चिकटलं की ओढून काढावं लागलं. मग मुलाने मोबाईलमधलं होकायंत्र कातळावर धरून पाहिलं, तर एका ठिकाणी काटा पार भरकटला. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, हे मी पेपरात वाचलेलं होतं. त्यामुळे आपल्या मागीलदारीही तसलंच काही निघालं म्हणून मला उगाच मोठेपण वाटलं. फोटो काढले आणि भावकीच्या ग्रुपवर टाकले. चूक नंबर एक.

तीन दिवसांनी साडूच्या ओळखीने एकाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी माणूस दारात. साधा शर्ट, पायात चपला, चहा बशीत ओतून पिणारा. पडवीत बसून त्याने गोळा फडक्यात धरून फिरवून पाहिला आणि आवाज खाली आणला. "मालक, हा आरपी आहे. कुणाला दाखवलात काय?"

आरपी म्हणजे राईस पुलर, तांदूळ ओढणारी वस्तू. त्याचं म्हणणं असं की जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षं वीज पडत राहिली की त्याचं कॉपर-इरिडियम होतं, ते तांदूळ ओढून घेतं, आणि उपग्रहासाठी परदेशी पार्ट्या ते कोटींनी विकत घेतात. "पिंपळावर वीज पडलेली ना?" पडली होती, माझ्या लहानपणी. "आणि हे गोटे बघा, चुंबक झालेत. होकायंत्र फिरतंय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

इथे जरा थांबतो, कारण माझी मान नेमकी इथेच अडकली. त्याने सांगितलेलं अर्धं खरं होतं. जांभा तयार होतो तोच मुळी भरपूर पावसाने जुन्या खडकातली सिलिका वाहून जाऊन लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात म्हणून. आमच्या मातीचा लाल रंग त्याच लोखंडाचा. काही ठिकाणी लोखंड इतकं दाट साचतं की दगड चुंबकाला चिकटतो. उघड्या कातळावर वीज पडली तर त्यातलं लोहखनिज चुंबकासारखं होऊ शकतं आणि त्यापाशी होकायंत्र बिघडतं, हेही शास्त्रात आहे. पण विजेने तांब्याचं इरिडियम होत नाही. इरिडियम हे वेगळं मूलद्रव्य आहे, तांबं २९ क्रमांकाचं आणि ते ७७ क्रमांकाचं. सोनं पिकत ठेवून त्याचं प्लॅटिनम होईल काय? हे सगळं मला आज कळतं. तेव्हा फक्त इतकंच दिसत होतं की दगड खरे, काटा खरा, वीज खरी, मग हा माणूस खोटं कशाला बोलेल?

किंमत १४ कोटी ठरली. त्यातला दहा टक्के त्याचा. फोटो 'वर' पाठवायचं टोकन २१ हजार, ते मी फोनवरून भरले.

मग अमावास्येच्या रात्री पार्टीचे 'सायंटिस्ट' आले. तिघं, गाडीला मुंबईची पाटी. एकाने चंदेरी रंगाचा, पायापासून डोक्यापर्यंत झाकणारा सूट चढवला आणि आम्हाला दहा पावलं मागे उभं केलं. किरणं असतात म्हणे. खळ्यात पाट मांडला, त्यावर पांढरं कापड, कापडावर गोळा. टॉर्च गोळ्याजवळ नेला की विझायचा, लांब नेला की पेटायचा. मग सूटवाल्याने पिशवीतून मूठभर तांदूळ काढले आणि गोळ्यापासून दोन बोटं अंतरावर पसरले.

तांदूळ हलले. शपथेवर सांगतो, हलले. आधी दोनचार दाणे आडवे झाले, मग सरकत सरकत गोळ्याकडे गेले आणि त्याच्या बुडाला उभे राहून चिकटले, फणसाच्या सालीवरचे काटे असावेत तसे. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

बायको पडवीतून उतरली ती सुपात आमचे तांदूळ घेऊन. उकडा, लाल, घरच्या भाताचा. "आमचे घालून बघा ना," म्हणाली. सूटवाला हसला. "वहिनी, उकडा तांदूळ एकदा शिजलेला असतो. त्यात जीव राहत नाही. याला कच्चा लागतो." मीही हसलो. तिच्या अडाणीपणाला हसलो! ती काही बोलली नाही. सूप घेऊन आत गेली.

पुढचं भराभर सांगतो, कारण आठवलं तरी पोटात ढवळतं. किरणं थोपवणाऱ्या पेटीसाठी आणि सूटच्या भाड्यासाठी १ लाख ६० हजार. ते सोसायटीच्या पीककर्जातून दिले. मग दुसरी टेस्ट आणि परदेशी पार्टीच्या कागदपत्रांसाठी साडेचार लाख. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गेल्या आणि मुंबईच्या भावाने फ्लॅटसाठी साठवलेले दोन लाख गेले. भावाला खरं कारण सांगितलं नाही, विहीर खोल करायचीय म्हणून सांगितलं.

कुणालाच सांगायचं नव्हतं. सरकारला कळलं तर माल जप्त होईल आणि मालक आत जाईल, असं ते प्रत्येक भेटीत बजावत. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे आणि १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे कायदा खरा सांगितला आणि अर्थ उलटा लावला. कळवणाऱ्याला त्रास नाही, लपवणाऱ्याला आहे. मी त्या वेळी तहसील कार्यालयात एक अर्ज टाकला असता तर कोणीतरी जाणता माणूस येऊन पाच मिनिटांत निकाल लावून गेला असता. पण त्यांनी मला आमच्याच गावात एकटं पाडलं. देवळात कौल लावायचाही धीर झाला नाही, कारण गुरवाला कळलं म्हणजे गावाला कळलं.

फेब्रुवारीत गोळा पेटीत बंद झाला. पेटीला शिशाचा पत्रा, वर लाखेचं सील, ४१ दिवस उघडायचं नाही, उघडली तर किरणांनी डोळे जातील. मी ती गोठ्यात खड्डा करून पुरली. साधारण पंधराव्या दिवसापासून त्यांचा फोन लागेना. विसाव्या दिवशी साडूला विचारलं, तर तो म्हणाला, माझी काय ओळख, काजूच्या व्यवहारात एकदा भेटला होता. तरी मी ४१ दिवस पुरे केले. म्हणजे किती मुरलं होतं बघा.

बेचाळिसाव्या दिवशी पेटी खळ्यात आणली. चुलते, आमचे तात्या, नेमके त्याच वेळी काठी टेकत आले. वय ८० च्या पुढे. मी सील फोडलं आणि गोळा हातात घेतला तशी तात्यांनी मान वाकडी करून बघितलं.

"रे मेल्या, ह्यो टाकीचो गोळो खय गावलो तुका?"

मला कळेचना. तात्यांनी बालदी आणायला लावली. गोळा पाण्यात सोडला. तो टुबुक करून वर आला आणि डुलत राहिला.

आजोबांच्या वेळी पिंपळाच्या जागी चिऱ्यांची टाकी होती. ऑइल इंजिनने विहिरीचं पाणी तिच्यात चढवायचे आणि टाकी भरली की नळ आपोआप बंद व्हावा म्हणून दांडीला हा पोकळ गोळा लावलेला. आटे त्या दांडीचे. पुढे टाकी फुटली, फटीत पिंपळ उगवला आणि गोळा मुळांत गेला. सगळ्या घराण्यात ही गोष्ट माहीत असलेला एकच माणूस जिवंत होता, आणि तो रोज संध्याकाळी माझ्या पडवीत बसून चहा प्यायचा.

नंतर काजूच्या तराजूवर वजन केलं: ६४० ग्रॅम. इरिडियम पाण्याच्या साडेबावीस पट जड असतं. एवढा गोळा भरीव इरिडियमचा असता तर २० किलो भरला असता, दोन्ही हातांनी उचलावा लागला असता. मी तो चार महिने एका हातात खेळवत होतो.

संध्याकाळी बायकोने कुंकवाच्या जुन्या करंड्यातून कागदाची पुडी काढली. त्या रात्रीनंतर सकाळी खळं झाडताना तिला पार्टीचे दहाबारा दाणे सापडले होते. "कोंबड्यांनी टाकले हे. एकीने टिपला आणि थुंकला," म्हणाली. स्पीकरचं चुंबक दाण्यांजवळ नेलं. टपाटप चिकटले. बोटांनी चोळले तर बोटं राखाडी झाली. दाण्यांना लोखंडाची पूड चढवलेली होती. गोळ्याच्या बुडाला मेणाचा डागही सापडला, चुंबक तिथेच चिकटवलं असणार. टॉर्चचं बटण तर धरणाऱ्याच्या अंगठ्याखालीच असतं.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही हसलात."

पोलिसांत जायला मला आणखी दोन महिने लागले. पैशांपेक्षा लाज मोठी वाटत होती, आणि आपण वस्तू लपवली म्हणून आपल्यावरच येईल अशी भीती. तसं काही झालं नाही. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला राईस पुलर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही, माझं वाक्य अर्ध्यात असतानाच त्याने मान हलवली. फोनवरून गेलेल्या २१ हजारांबद्दल त्याने एवढंच विचारलं की त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला (आता तिचा नंबर १९३०) फोन का केला नाही. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर खातं गोठवता येतं. रोखीला ती सोय नाही. भावाला विहिरीची खरी गोष्ट मी स्टेशनातून बाहेर पडल्यावर फोनवर सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग विचारलं, "तात्या बरे आहेत ना?"

गोळा मुद्देमाल म्हणून जमा झाला. पंचनाम्यावर सही करायच्या आधी मी तो वाचला. पेटी एक, लाखेचे तुकडे, कागदाच्या पुडीत तांदळाचे दाणे अकरा. आणि त्याखाली: तांब्याचा पोकळ गोळा, जुना वापरता, नग एक, अंदाजे किंमत रुपये ४००.