नाशिकहून लंडन: ओझर-दिल्लीमार्गे जावं की मुंबईहून थेट?

लेक लंडनला असल्यामुळे या दोन्ही वाटांनी माझं जाणं झालं आहे. कुणी विचारलं की मी आधी अंतराची बेरीज मांडतो.

नकाशावर दिल्लीची बाजू भक्कम दिसते. तिथून लंडन सुमारे 6,700 किलोमीटर, मुंबईहून 7,200. पण नाशिककराला आधी दिल्लीपर्यंतचे जवळपास हजार किलोमीटर कापायचे असतात. ते धरले की मुंबईची वाट, रस्त्याचे 170 मिळवूनही, तीनेकशे किलोमीटरने कमीच भरते. त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीची भारतीय विमानं गुजरातकडे वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली. म्हणजे आपण आधी उत्तरेला जायचं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा दक्षिणेला यायचं. मुंबईहून थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, तासभर वाचतो.

ओझरचं, म्हणजे नाशिकच्या विमानतळाचं, सुख खरं आहे. घरून पाऊण तासात विमानतळ, गर्दी बेताची, दोन तासांत दिल्ली. ज्यांना गाडीत फार वेळ बसवत नाही, त्यांना ही वाट सोयीची वाटेल.

माझा निर्णय मात्र बॅगेने केला. दोन वेगळी तिकिटं काढली की देशांतर्गत साध्या तिकिटावर 15 किलो, आणि पुढच्या विमानाला 23 किलोची बॅग. हिने उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, गोडा मसाला, नाचणीचं पीठ, सगळं चेक-इनच्या काउंटरसमोर उघडावं लागलं. निम्मं सामान सोडायला आलेल्या भावाकडे परत दिलं. लेकीसाठी बांधलेला डबा असा माघारी जाताना पाहणं मला फार लागलं. जादा वजनाचे पैसे भरता येतात, पण दिल्लीत पुन्हा पट्ट्यावरून बॅगा उचला, टर्मिनल 1 ला उतरला असाल तर टर्मिनल 3 गाठा, परत रांगेत उभे राहा, हे चुकत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने पहिलं विमान रखडलं, तर वेगळ्या तिकिटावरचं पुढचं विमान आपली वाट पाहत नाही.

पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर मिळाला आणि बॅग थेट लंडनपर्यंत जात असेल, तर यातली बरीच कटकट टळते. तसं मिळालं तर दिल्लीचा विचार जरूर करावा.

मुंबईच्या वाटेची खोट म्हणजे रस्ता. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, आणि हा फरक माझ्या पाठीला जाणवतो. पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी अजून आहेच. तरी डिकीत ठेवलेली बॅग एकदाच सहारला, मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, द्यायची आणि थेट हीथ्रोला घ्यायची, यासाठी मी ती सोसतो. फक्त आमणे ते विमानतळ या टप्प्याला दोन तास जादा धरा, आणि जमल्यास नाशिकहून रात्री जेवून निघा. त्या वेळी ठाण्यापर्यंत गाडी बरीच सुरळीत जाते.