अमेरिकेच्या कोर्टाची नोटीस आली असेल तर सांगलीच्या विश्रामबागेतल्या या वकिलांकडं जावा

भाचा न्यूजर्सीत आहे, स्टुडंट व्हिसावर गेलता, पैशामुळं कॉलेज मधेच सुटलं आणि स्टेटस, म्हणजे तिथं राहायची कायदेशीर परवानगी, गेलं, मार्चमध्ये त्याला इमिग्रेशन कोर्टाची 'नोटीस टू अपिअर' आली, म्हणजे देशातनं काढायच्या केसला हजर राहा अशी नोटीस. ताई तेव्हा तासगावात बेदाण्याच्या शेडवर होती, चिकट हातानंच फोन लावला आणि एकच विचारत होती, "बाळ्या, पोराला धरून नेत्यात काय रं?" 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेनं लष्करी विमानातनं 104 जणांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातलेबी तिघं होते, त्या बेड्या तिच्या डोळ्यासमोरनं जात नव्हत्या.

आधी एका एजंटकडं गेलो. दोन लाख द्या, असायलमची, म्हणजे छळ होतोय म्हणून तिथं आसरा मागायची, फाईल बनवतो, तारखेला जायची गरज नाही म्हणला. नशीब पैसे दिले नाहीत.

मग ओळखीतनं या ऑफिसात गेलो. वकिलांचं पहिलंच वाक्य असं की मी तिथल्या कोर्टात उभा राहू शकत नाही, त्याला तिथलं लायसन असलेला वकील किंवा तिथल्या न्याय खात्याची मान्यता असलेला माणूसच लागतो, मी फक्त कागद समजावून देणार. तिथंच माझा विश्वास बसला.

व्हॉट्सॲपवरचा अंधुक फोटो त्यांनी चालवून घेतला नाही, पीडीएफ मागवली, प्रिंट काढली आणि पेन्सिलीनं एकेक ओळ खुणावत ताईला मराठीत सांगितली, हा आरोप, हे कलम, हा नऊ आकडी ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांनी त्याच्या फाईलीला दिलेला नंबर. तो नंबर कोर्टाच्या साईटवर टाकला तर तारीख बदललेली निघाली! आम्ही कागदावरचीच धरून बसलो होतो. तारखेला गेला नाही तर जज त्याच्या माघारी देशातनं काढून टाकायची ऑर्डर देऊ शकतो, आणि घर बदललं तर पाच दिवसांत कोर्टाला फॉर्म भरून कळवायचं, हे त्यांनी रात्री साडेआठला, म्हणजे तिकडं सकाळी अकराला, भाच्याला व्हिडिओ कॉलवर तीनदा बजावलं.

असायलमचं तर स्पष्टच सांगितलं. धर्म, जात-वंश, राजकीय मत अशा कारणानं इथं खरंच छळ होत असेल तर ते आहे, अर्जबी साधारण पोचल्यापासून एक वर्षात करायचा असतो, आणि जाणूनबुजून खोटी गोष्ट रचली तर कायमचे दरवाजे बंद होऊ शकतात. दहा वर्षं राहिलेल्यांसाठी 'कॅन्सलेशन' असतं, म्हणजे काढून टाकणं रद्द करून तिथंच राहू देणं, पण त्यात तिथले नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले बायको-पोरं, आईबाप असावे लागतात आणि त्यांचे अतोनात हाल होतील हे दाखवावं लागतं, भाच्याला तर चारच वर्षं झालीत. त्याच्यासाठी 'व्हॉलंटरी डिपार्चर', म्हणजे आपणहून देश सोडणं, विचारात घ्या म्हणाले, सुरुवातीलाच मागितलं तर जास्तीत जास्त 120 दिवस मिळतात, स्वतःच्या खर्चानं यायचं आणि रेकॉर्डवर रिमूव्हलची, म्हणजे काढून टाकल्याची, ऑर्डर लागत नाही, पण मुदतीत निघाला नाही तर दंड आणि पुढं दहा वर्षं बऱ्याच सवलती बंद. अपीलबी सोडावं लागतं, म्हणून तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नको असं त्याला सांगितलं.

सरकार वकील देत नाही, आपला आपणच करायचा. कोर्टाकडं फुकट काम करणाऱ्या वकिलांची राज्यवार यादी असते, ती उघडून दिली, त्यातनंच भाच्याला वकीलबाई मिळाल्या.

फी 1500 घेतली, पावती दिली. तक्रार एवढीच की वेळ घेऊन गेलो तरी दीड तास बसवलं आणि दुसऱ्या कॉलची फी वेगळी हे आधी सांगितलं नाही, ते सांगायला पाहिजे होतं.

भाच्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, वकीलबाई बरोबर जाणारेत. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, कुणाचे गुडघे दुखत असतील तर खालनं फोन करा, ताईसाठी वकील स्वतः फाईल घेऊन खाली आलते आणि झेरॉक्सवाल्याच्या बाकड्यावर बसून सगळं सांगितलं.