स्पेक्ट्रम प्लसवर स्वतःचा आर्केड गेम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. घरी बसून आर्केड पद्धतीचा छोटा गेम पूर्ण करायचा आणि लोकांच्या हातात द्यायचा असेल, तर झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८० च्या दशकातला, टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक आजही फार चांगलं मशीन आहे. अट एकच. कोड लॅपटॉपवर लिहा, एम्युलेटरवर (लॅपटॉपवरच जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवून बघा, पण रंग, वेग आणि बटणं यांचा निर्णय खऱ्या मशीनवर, खऱ्या टीव्हीसमोर बसूनच घ्या. गेल्या पावसाळ्यापासून मी हे मशीन जवळजवळ रोज वापरते आहे आणि ‘गंगेला पूर’ हा माझा गेम त्यावर पूर्ण होऊन बाहेर पडला आहे.

मशीन मामांचं. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली परवाना घेऊन भारतात आणलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. मूळ स्पेक्ट्रम सिंक्लेअर कंपनीने इंग्लंडात एप्रिल १९८२ मध्ये काढला, रबरी बटणांचा. प्लस १९८४ चा. त्याची बटणं टणक, आणि डाव्या कडेला रीसेटचं बटण. आतून प्लस म्हणजे ४८ केचा स्पेक्ट्रमच : ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ के रॉम, ४८ के रॅम.

माळ्यावरून काढल्यावर लगेच प्लगमध्ये घालू नका. याला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे नवीन घातले. बटणांखालचा मेंब्रेन (बटण दाबलेलं ओळखणारा पातळ पडदा) वाळून तडकतो, तोही नवा मिळतो. सातपूरला काम करणाऱ्या एका ओळखीच्यांनी ७८०५ रेग्युलेटर काढून त्या जागी कमी तापणारा स्विचिंग रेग्युलेटर बसवून दिला. एप्रिल-मे मध्येही दुपारभर मशीन चालू राहिलं, त्यामुळे हा खर्च मी सगळ्यात आधी करायला सांगेन.

आता गेम. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत येतं, पण गावात लोक विचारतात, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरांत हेच मोजमाप प्रत्येकाच्या तोंडी होतं. गेममध्ये तुम्ही भांडीबाजारातले दुकानदार. पाणी चढायच्या आत पितळी हंडे, घागरी, समया उचलून वरच्या पायऱ्यांवर न्यायच्या, एका वेळी एकच. हंडा घेतला की उडी बुटकी होते, समई हलकी पण तिचे गुण कमी. उजव्या कडेला मारुती उभा. वेगळी मीटरपट्टी नाही, मारुतीच मीटर. पाणी गळ्याला लागलं की खेळ संपतो. मूर्ती पूर्ण बुडताना दाखवू नकोस, असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं, आणि ते मला मनापासून पटलं.

हा गेम स्पेक्ट्रमवरच का, याचं उत्तर त्याच्या पडद्यात आहे. पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा. ठिपके ६१४४ बाइटांत राहतात आणि रंग वेगळ्या ७६८ बाइटांत : ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एकच शाई (ठिपक्यांचा रंग) आणि एकच कागद (मागचा रंग). तिसरा रंग त्या चौकोनात येऊच शकत नाही. पात्र रंगीत वस्तूजवळून गेलं की रंग एकमेकांत मिसळतात. याला कलर क्लॅश म्हणतात, आणि तो टाळायला पुष्कळ जण खेळाचं मैदान एकरंगी ठेवतात. मी पूर त्याच्याच जोरावर उभा केला.

हिशोब बघा. सेकंदाला सुमारे ५० फ्रेम, आणि एका फ्रेममध्ये प्रोसेसरला ६९,८८८ टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, मिळतात. बाइट एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या एलडीआयआर सूचनेने एक बाइट हलवायला २१ जातात. म्हणजे ठिपक्यांचा सगळा पडदा नुसता हलवायचा म्हटला तर १,२९,०२४ टी-स्टेट, जवळपास दोन फ्रेम तिथेच संपल्या. पण पाणी चौकोनांची एक ओळ चढवायचं तर रंगांचे फक्त ३२ बाइट बदलायचे. नुसत्या हिशोबाने ६७२ टी-स्टेट. पडद्याची मेमरी प्रोसेसरला चित्र टीव्हीकडे पाठवणाऱ्या यूएलए चिपबरोबर वाटून घ्यावी लागते, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्त. बाकी सगळी फ्रेम पात्रांना मोकळी. (कोड मात्र ३२७६८ च्या वरच्या पत्त्यांवर ठेवा, तिथे ही वाटणी नाही.) पाणी ८ ठिपक्यांनी चढतं आणि घाटाची प्रत्येक पायरी मी ८ ठिपक्यांचीच काढली आहे, त्यामुळे पूर पायरी-पायरीने वर येतो, गंगेवर येतो तसाच. पात्र स्वतःचा रंग सोबत नेत नाही. त्यामुळे ते पाण्यात उतरलं की कमरेखालचे चौकोन आपोआप निळे दिसतात. त्यासाठी वेगळा कोड लिहावाच लागत नाही! हे पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

खरं मशीन का हवं, तेही रंगांवरूनच कळलं. एम्युलेटरात साधा निळा छान ठळक दिसतो. ट्यूबच्या टीव्हीवर तोच इतका काळपट उतरतो की त्यावरची काळी रेघ हरवून जाते. म्हणून पाण्याला ब्राइट निळा आणि पांढरी शाई. निळ्यावर लाल तर टीव्हीवर फिसकटतोच, त्यामुळे तांब्याची भांडी गेली आणि सगळी पितळेची, पिवळी झाली. नाशिकच्या भांड्यांना पिवळा शोभतोही. नवीन एलईडी टीव्हीवर वेगळीच अडचण येते. चित्र आत प्रक्रिया होऊन दिसतं, त्यामुळे बटण दाबणं आणि उडी यांत फरक पडतो, आणि अशा गेममध्ये तेवढा फरक जीव घेतो. गेम मोड असेल तर चालू करा. ट्यूबचा टीव्ही मिळाला तर फारच उत्तम. मूळ मशीन यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर चित्र देतं, पण चित्र चॅनलवर चढवणारा मॉड्युलेटर बाजूला करून कंपोझिट (टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटला जाणारा थेट सिग्नल) काढून घेतलं की अक्षरं स्वच्छ दिसतात.

आवाजाची वेगळी चिप ४८ केच्या मशीनमध्ये नाही. पोर्ट २५४ चा एक बिट वर-खाली करून प्रोसेसरलाच स्पीकर वाजवावा लागतो, आणि माझ्या पद्धतीत तेवढा वेळ खेळ थांबतो. मी लांब आवाज एकाच ठिकाणी ठेवला आहे : पाणी नारोशंकराच्या घंटेला टेकतं तेव्हा. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून लावलेली, आणि पुराचं पाणी घंटेला लागणं म्हणजे मोठा पूर, हे जुन्या नाशिककरांना सांगावं लागत नाही. घंटा वाजते तो क्षणभर सगळं थांबतं, खेळणाऱ्याला पुढची उडी ठरवायला वेळ मिळतो. बाकी आवाज अगदी तोकडे आहेत. ते मी शिरू यांच्या बीपएफएक्स या आवाज बनवायच्या प्रोग्राममध्ये बनवले.

मराठी अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्याचं मला समाधान आहे. रॉममधली छपाई ८ × ८ च्या अक्षरांची. त्यात शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि खाली उकार मावत नाही. म्हणून अक्षर दोन चौकोन उंच केलं आणि छापायचं रुटीन स्वतः लिहिलं. पडद्याच्या मेमरीत ठिपक्यांच्या ओळी सलग नसतात, तीन तुकड्यांत आणि त्यातही आठ-आठ ओळी सोडून मांडलेल्या असतात. दोन चौकोनांचं अक्षर तुकड्याच्या सीमेवर आलं की पत्त्याचं गणित बदलतं. अंक मात्र ८ × ८ मध्ये सुरेख बसतात. मिळणाऱ्या २१ यूडीजींपैकी (आपण स्वतः काढायच्या अक्षरचित्रांपैकी) १० देवनागरी अंकांना दिले. स्कोअर मराठीत चढताना बघून मामा खूश झाले. त्यांनी हे मशीन वापरलं तेव्हा पडद्यावर मराठी अक्षर कधी आलंच नव्हतं.

साधनांबद्दल थोडक्यात. पास्मो असेंब्लर (असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांत, लिहिलेला कोड मशीनसाठी तयार करणारा), फ्यूज एम्युलेटर, दोन्ही फुकट आणि दोन्ही भरवशाचे. असेंब्ली नको असेल तर जोनाथन कॉल्डवेल यांचा आर्केड गेम डिझायनर हा गेम बनवायचा प्रोग्राम आहे. माझ्या भाच्याने त्यात स्वतःचं एक छोटं मैदान बनवलं. खऱ्या मशीनवर पुन्हा पुन्हा तपासायला डिव्ह-एमएमसी कार्ड घ्या. एसडी कार्डवरून गेम काही क्षणांत चढतो, ते नसतं तर मी एवढ्या वेळा तपासलंच नसतं. बटणं क्यू, ए, ओ, पी आणि स्पेस. केम्पस्टन पद्धतीची जॉयस्टिकही चालते. तपासायला सगळ्यात उपयोगी पडली ती गल्लीतली मुलं. त्यांना नियम सांगावे लागले नाहीत. “आत्या, कमरेला लागलं, कमरेला लागलं!” असं भाचा ओरडला तेव्हाच मीटर बरोबर जमल्याचं कळलं.

गेम इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट ठेवला आहे, टॅप आणि वेव्ह अशा दोन्ही फाइलींत. स्पेक्ट्रम मुळात कॅसेटच्या आवाजातून प्रोग्राम वाचतो; टॅप ही त्या कॅसेटची नक्कल आणि वेव्ह म्हणजे तोच आवाज. वेव्ह फोनवरून थेट मशीनच्या इअर सॉकेटला वाजवायची, एमपी३ करू नका. आवाज पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद, नोटिफिकेशन बंद. बऱ्याच फोनचा आवाज स्पेक्ट्रमला कमी पडतो, मध्ये लहानसा अँप्लिफायर लावला की काम होतं. सुरुवातीचं चित्र यायलाच सुमारे ४० सेकंद लागतात, तेवढा धीर धरा. कडेला आधी लाल आणि आकाशी पट्टे, मग निळे आणि पिवळे पातळ पट्टे पळताना दिसले तर लोडिंग बरोबर चालू आहे. लाल-आकाशीवरच अडकलं तर आवाज थोडा कमी-जास्त करून फाइल सुरुवातीपासून वाजवा.