मॅक प्लसचा पडदा धूसर: प्रीसेट, कंडेन्सर की पिक्चर ट्यूब?

नऊ इंची छोट्या मॅकिन्टॉशवर (१९८६ चा प्लस, १९८७ चा एसई, १९९० चा क्लासिक) चित्र ५१२ × ३४२ ठिपक्यांचं, इंचाला ७२. ठिपके इतके मोठे की फोकस जरा ढळला तरी मेन्यूतली अक्षरं फुटलेली दिसतात. उपाय तीन: बोर्डावरचा फोकसचा प्रीसेट (पेचकसने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवणं, कंडेन्सर बदलणं किंवा दुसरी पिक्चर ट्यूब बसवणं. पहिल्याला अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य. म्हणून सगळे तिथेच हात घालतात. बहुतेक वेळा ते बरोबरही ठरतं, पण आधी धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते बघायला हवं.

त्याही आधी काच पुसा. मजेत म्हणत नाही. तीस-पस्तीस वर्षांचा धूर आणि धूळ काचेवर चिकटलेली असली, की अक्षरांभोवती प्रभा दिसते आणि दोष बिचाऱ्या ट्यूबला मिळतो.

परीक्षेसाठी डेस्कटॉपची राखाडी पार्श्वभूमी पुरते. ती एक काळा, एक पांढरा अशा ठिपक्यांनी बनलेली असते. जवळून पाहता ठिपके सुटे दिसले तर फोकस ठीक. पडदा सगळीकडे सारखाच मऊ असेल तर प्रीसेट. मध्यभाग स्वच्छ आणि कोपरे किंचित मऊ, हे या ट्यूबचं मूळचंच आहे. थंड असताना स्पष्ट आणि वीस मिनिटांनी धूसर, तर कंडेन्सर किंवा ड्राय सोल्डर (सोल्डरचा सैल झालेला सांधा). ब्राइटनेस वाढवताच रेघा जाड होत असतील तर कटऑफ (पडद्याचा काळेपणा ठरवणारा प्रीसेट) जास्त लागलेला आहे किंवा ट्यूब थकलेली आहे. ब्राइटनेसबरोबर अख्खं चित्रच फुगत असेल तर ट्यूबला उच्च दाब पुरवणाऱ्या, टीव्ही मेकॅनिक ज्याला एलओटी म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरकडे बघा. तिथे फोकस कितीही फिरवून फरक पडत नाही.

प्रीसेटचं काम असं. प्लसला टॉर्क्स टी-१५ चे (सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचे) पाच स्क्रू: दोन हँडलच्या खोल भोकांत, दोन खाली, एक बॅटरीच्या झाकणाआड. लांब दांड्याचा पाना नसेल तर हँडलचे दोन निघणारच नाहीत. कव्हर सरळ मागे ओढा, वाकडं नको, कारण ट्यूबची मान कव्हरच्या अगदी जवळ असते आणि ती बारीक काच तडकली की आत हवा शिरून ट्यूब गेली. अ‍ॅनोडवर (ट्यूबला रबरी टोपीखाली जोडलेल्या उच्च दाबाच्या टोकावर) बारा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून चालू मशीनमध्ये एकच हात, दुसरा पाठीमागे, हातात अंगठी-घड्याळ नाही.

समोर आरसा उभा करा म्हणजे मागून फिरवताना पडदा दिसेल. क्रम महत्त्वाचा: आधी व्होल्टेज, मग कटऑफ, मग उंची-रुंदी, फोकस सगळ्यात शेवटी. प्लसच्या माउसच्या सॉकेटमध्ये पिन १ आणि २ मध्ये मल्टिमीटर लावा; ५ व्होल्टच्या आसपास हवेत. व्होल्टेजच्या प्रीसेटने ५ आणि १२ दोन्ही एकदम हलतात आणि चित्राचा आकारही बदलतो, म्हणूनच तो आधी. कटऑफसाठी पुढचा ब्राइटनेस पूर्ण वाढवा, पार्श्वभूमीच्या तिरप्या रेघा दिसेपर्यंत फिरवा, त्या नाहीशा होतील इतकंच मागे घ्या. फोकस पडद्याच्या मध्यावर नाही, मध्य आणि कोपरा यांच्या अर्ध्यावर लावा. पेचकस प्लॅस्टिकचाच, रुंदीच्या कॉइलमधला फेराइट धातूच्या पान्याने तडकतो आणि तो मिळत नाही.

फोकस फिरवताना चित्र धूसर-स्पष्ट-धूसर असं झालं तर काम फत्ते. सगळ्यात स्पष्ट जागा फिरण्याच्या अगदी टोकाला येत असेल, तर प्रीसेट नव्हे, त्याच्या मागच्या सर्किटमध्ये किंवा एलओटीत दोष आहे.

कंडेन्सर बदलणं हा दुसरा मार्ग, आणि इंटरनेटवर तो गरजेपेक्षा जास्त सुचवला जातो. नुसत्या धूसरपणासाठी अख्खा बोर्ड उघडू नका. पण तापल्यावर चित्र ढळत असेल, व्होल्टेज प्रीसेटने जागेवर येत नसेल किंवा चित्र थरथरत असेल, तर तो करायलाच हवा. तेव्हा १०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकणारे घ्या. प्लसच्या बोर्डावरचा सी-१ (३.९ मायक्रोफॅरड) बिनध्रुवी असतो, त्या जागी साधा ध्रुवी लावला तर तापून फुगेल. आणि हत्यार हातात आहेच तर योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, चित्र पसरवणाऱ्या कॉइलच्या) कनेक्टरचे सांधे पुन्हा सोल्डर करा. कित्येकदा ‘कंडेन्सर गेला’ म्हणतात तो आजार तेवढ्याने बरा होतो. बोर्ड काढण्याआधी अ‍ॅनोड डिस्चार्ज करायचा: मशीन बंद, प्लग काढलेला, इन्सुलेटेड पेचकसला तारेने धातूच्या चौकटीशी जोडून रबरी टोपीखाली टोक सरकवायचं.

ट्यूब बदलणं शेवटचं. अशा ट्यूब आता बनत नाहीत, म्हणजे दुसऱ्या मॅकमधूनच काढायची. कॅथोड, म्हणजे ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, थकला असेल (चालू केल्यावर मिनिटभर अंधूक, ब्राइटनेस चढवला की पसरट) किंवा मेन्यूबार काचेत कायमचा उमटला असेल तरच हे करा. योक ट्यूबबरोबरच ठेवा, नाहीतर चित्र सरळ करण्यात दुपार जाते. मानेजवळच्या चकत्यांनी ते मध्यावर आणावं लागेल ते वेगळंच.

अमेरिकेहून आलेला प्लस १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर थेट लावला तर फोकसचा प्रश्नच संपेल, म्हणून साठ वॉटला पुरून उरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. एसई दोन्हींवर चालतो.

कोणताही मार्ग घेतला तरी मशीन वीस मिनिटं तापू द्या, फोकस पुन्हा तपासा आणि मगच कव्हर लावा. प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकला की पुढच्या वाहतुकीत तो हलत नाही.