कॅरम की पत्ते? घरात एक सात वर्षांचं आणि एक पंधरा वर्षांचं मूल असेल तर

भावंडांच्या वयात एवढं अंतर असलं की धाकट्याला जमतं त्यात थोरल्याला रस नसतो आणि थोरल्याला आवडतं ते धाकट्याला झेपत नाही. म्हणून सुट्टीचा खेळ निवडताना किमतीआधी एकच बघा: लहान मूल खरोखर जिंकू शकतं का?

कॅरममध्ये ते अवघड आहे. तिथे नशिबाचा वाटा फार थोडा. पंधरा वर्षांच्या मुलाला तेच हवं असतं: रिबाउंडने सोंगटी घालवायची, राणी घेऊन लगेच कव्हर करायचं, रोजच्या सरावाने हात बसतोय हे स्वतःला कळायचं. पण मोठ्या बोर्डाची खेळायची जागा सुमारे ७४ सेंटिमीटर चौरस असते आणि लहान बोटांत तेवढा जोर नसतो. जोड्या लावून धाकट्याला चांगल्या खेळाडूचा भिडू केलं तर थोडं निभावतं.

पत्त्यांचं तसं नाही. बदाम सातला आकड्यांचा क्रम आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर एवढं ओळखता आलं की पुरे. पानं नशिबाने येतात, त्यामुळे पहिलीतलं मूलही आजोबांच्या आधी हात रिकामा करतं. तरी थोरल्याला डोकं चालवायला वाव आहेच. लावण्याजोगी दोन पानं असतील तर किलवरची अठ्ठी दाबून दुसरं पान टाकायचं, की नश्शीपासून राजापर्यंत किलवर घेऊन बसलेले सगळे अडकतात! चौघं असाल तर पुढे मेंढीकोट शिकवा. दश्श्या मिळवायच्या, समोरच्या भिडूचा अंदाज घ्यायचा, किती हुकूम पडून गेले ते लक्षात ठेवायचं. किशोरवयीन मुलं यात खरी रंगतात. तिघंच असाल तर तीस पानांचं पाच-तीन-दोन आहे. अडचण एवढीच की लहान मुठीत तेरा पानं मावत नाहीत. त्याला पुस्तकांच्या आडोशाला पानं मांडू द्या.

व्यापार मी सुचवणार नाही. डाव लांबतो आणि दिवाळं निघालेलं मूल नुसतं बघत बसतं.

धाकटं दहाच्या आत असेल तर पत्तेच घ्या. दोघंही दहाच्या पुढची असतील आणि बोर्ड मांडायला जागा असेल तर कॅरम. मात्र बोर्ड ओल नसलेल्या भिंतीला उभा करून ठेवा आणि स्ट्रायकर पंधरा ग्रॅमच्या आतलाच घ्या. स्पर्धांमध्येही त्याहून जड चालत नाही.